८० च्या वेगाला पिकअप थरथरते: दोष शोधायचा कसा

शहरात सिग्नल ते सिग्नल चालवताना काही जाणवत नाही. कळंबोली सोडून एक्स्प्रेसवेला लागलं आणि काटा ७० च्या पुढे गेला की स्टिअरिंग नाहीतर सीट थरथरायला लागते. अशी गाडी आधी टायरवाल्याकडे जाते. बॅलन्सिंग होतं, फरक पडत नाही. मग शॉकअप बदलतात, मग टाय रॉड एंड. पैसे जातात, थरथर राहते.

वेगाबरोबर वाढणारी थरथर जवळजवळ नेहमी फिरणाऱ्या भागातून येते. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट फिरत नाहीत. ते झिजले की थरथर जास्त जाणवते, पण तिचं मूळ तिथे नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढंच ठरवायचं: चाक, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारी फिरती नळी) की इंजिन?

आधी रस्त्यावर

हवा थंड टायरमध्ये तपासा. उभ्या गाडीचे टायर खालून किंचित चपटे होतात, म्हणून १५-२० किलोमीटर चालवून ते गरम झाल्यावरच चाचणी घ्या. पहाटे रहदारी कमी असताना कळंबोली ते खालापूर हा टप्पा सोयीचा. मालवाहू गाडीला तिथे ८० ची मर्यादा आहे आणि चाचणीला तेवढा वेग पुरतो.

थरथर सर्वांत जास्त असेल तो वेग धरा. मागे गाडी नाही हे बघून क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये. लगेच गेली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंग पाहायचं. खात्रीसाठी त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या: इंजिनाचे फेरे वाढूनही थरथर बदलली नाही, तर इंजिनात दोष नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पुढची डिस्क किंवा मागचा ड्रम वाकडा आहे, बाकी काही उघडू नका.

आता थरथरीची चाल ओळखा. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे १० फेरे. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४ च्या आसपास असेल तर शाफ्ट सेकंदाला ४० फेरे घेतो. चाकाची थरथर हातात मोजता येईल अशी, संथ असते. शाफ्टची बारीक गुणगुण पायाखालच्या पत्र्यात आणि आरशात दिसते. फोनवरच्या फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये प्रवेगाचा वर्णपट, म्हणजे थरथर सेकंदाला किती वेळा होते ते, बघता येतो. फोन सीटच्या रुळाला घट्ट बांधा आणि आकडा शेजारी बसलेल्याला वाचू द्या.

चाक

रिमच्या आतला चिखल आधी खरवडून काढा. पावसाळ्यात एका बाजूला सुकलेला गोळा बॅलन्सिंग पार बिघडवतो. मग चाक उतरवून हबचा (चाक ज्यावर नटांनी बसतं तो भाग) तोंडाचा भाग बघा. भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारट पाणी सतत गळतं, आणि हब व रिम यांच्यामध्ये गंजाचा थर चढतो. अशा हबवर चाक तिरकं बसतं. बॅलन्सिंग मशीनला हा दोष कधीच दिसत नाही, कारण तिथे चाक गाडीच्या हबवर नसतंच. तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडं साफ करा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

चाक परत चढवून जॅकवर फिरवा आणि टायरजवळ पेन्सिल स्थिर धरा. वरखाली हालचाल साधारण दीड मिलिमीटरच्या पुढे असेल तर बॅलन्सिंगने भागणार नाही. स्टीलच्या रिमची स्वतःची हालचाल एक मिलिमीटरच्या आत हवी. खड्ड्यात आपटलेल्या रिमची आतली कड वाकते आणि बाहेरून चाक छान दिसतं, तेव्हा आतूनही बघा. ट्रेडला कुठे फुगवटा असेल तर आतली तार सुटली आहे, तो टायर त्याच दिवशी काढा. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर असेल तर जास्तच बारकाईने पाहा.

संशय राहिलाच तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे गेली, तर दोष त्याच चाकांत आहे. ही चाचणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत.

प्रोपेलर शाफ्ट

हट्टी थरथर बहुधा इथे सापडते. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागच्या ॲक्सलखाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. ॲक्सलखालीच स्टँड का, तर पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) लोंबकळले की शाफ्टचा कोन बदलतो.

शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना झटका. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या चार टोप्यांच्या फुलीत, ढिलाई जाणवता कामा नये. क्रॉसच्या टोपीजवळ लालसर भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्यात. तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की ग्रीसगन मारायलाच हवी, चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे सेंटर बेअरिंग असतं. त्याचं रबर फाटलं की शाफ्ट वरखाली नाचतो, आणि गाडी उठतानाही हादरा बसतो.

थरथर कोणत्या कामानंतर सुरू झाली, हे मालकाला नक्की विचारा. क्लचच्या कामात शाफ्ट उतरवला आणि सरकत्या स्प्लाइनवर (दातेरी जोडावर) एक दात पुढेमागे बसवला, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत. सगळे पार्ट नवे असूनही गाडी थरथरते. काढण्याआधी खुणा करणं म्हणूनच महत्त्वाचं.

दुसरं नेहमीचं कारण वाढवलेले पाटे. जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवतात, गाडी उचलली जाते आणि शाफ्टचा कोन वाढतो. मग रिकामी गाडी थरथरते, भरली की शांत होते. भरल्यावर थरथर वाढत असेल तर उलट, पाटे बसलेले किंवा ते ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल असू शकतात. एका तुकड्याच्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचं बाहेरचं टोक आणि ॲक्सलचं पिनियन (शाफ्ट जोडला जातो ते टोक) साधारण एका अंशाच्या आत समांतर हवेत. कोनमापकाने मोजा. फरक असेल तर पाट्याखालच्या पाचरेने दुरुस्त होतो.

कोन, क्रॉस, बेअरिंग ठीक असतील तरच शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. वेल्डिंग केलेलं मूळ वजन निसटल्याची खूण किंवा नळीवर ठोकर आहे का, ते आधी बघा. शाफ्ट सुट्या तुकड्यांत देऊ नका: दोन्ही भाग, नवे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग जोडून, खुणा करून, एकत्रच बॅलन्स करून घ्या. बसवल्यावर आधीच्याच वेगाला आणि तेवढ्याच मालासह चालवून बघा.