रिक्षा-टेम्पो पासिंगला नेताय? आधी हे बघा

एमएच १३ म्हणजे सोलापूरवाल्यांनो, धंद्याची गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस तपासणी, म्हणजेच पासिंग, दर २ वर्षांनी, नंतर मात्र दरवर्षी, त्यामुळे तारीख संपायच्या आधीच परिवहनच्या साइटवर फी भरून अपॉइंटमेंट घ्या, शेवटच्या आठवड्यात स्लॉट शोधत बसलात तर डोक्याला ताप. पीयूसी, इन्शुरन्स, टॅक्स चालू पाहिजे. आदल्या दिवशी सगळ्या लाइटी, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक चालवून बघा, रिफ्लेक्टरची पट्टी सोलापूरच्या उन्हात फिकी पडते ती तर बघाच, असल्या बारक्या गोष्टीवरून गाडी परत आली की अख्ख्या दिवसाचा धंदा बुडतो, वर परत चक्कर. चासी नंबरावरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावरचा, चिखल पुसून ठेवा. आणि सकाळीच जा बाबांनो, एप्रिलमध्ये दुपारी लायनीत थांबणं म्हणजे शिक्षाच.