ट्यूब बदलण्याआधी ओट्यावरची सावली बघा

मी सोलापुरात वायरमनचं काम करतो. जुळे सोलापुरातला नवा फ्लॅट असो नाहीतर पूर्व भागातलं यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेलं पत्र्याचं घर असो, स्वयंपाकघराची तक्रार एकच: "दादा, उजेड पुरत नाही, जास्त वॅटचा बल्ब टाका." टाकतो की, पण त्यानं काम होत नाही. बहुतेक घरांत ट्यूब असते ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागं. मागून कितीही उजेड सोडा, परातीत आपलीच सावली पडणार.

म्हणून दुकानात जाण्याआधी रात्री एवढं करा. परात नेहमीच्या जागी ठेवा, भाकरी थापायला उभं राहता तसं उभं राहा आणि हाताची सावली कुठं पडते ते बघा. तसंच शेगडीपाशी, सिंकपाशी आणि ज्वारी-डाळ निवडायला बसता तिथंही बघा. सावली अंगाकडून पुढं जात असेल तर दिव्याची जागा चुकलीय, वॅट नाही.

वर कपाटं नसलेल्या साध्या ओट्याला उपाय स्वस्त आहे. चार फुटी, २० वॅटची एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसकट तयार मिळणारी ट्यूब, ओट्याच्याच भिंतीवर, डोक्याच्या जरा वर लावायची. चांगली बॅटन वॅटला शंभरच्या आसपास लुमेन देते, म्हणजे एकूण दोन हजार. लहान स्वयंपाकघराला तेवढं बास होतं. वॅट म्हणजे वीज किती खाणार, लुमेन म्हणजे उजेड किती देणार. खोक्यावर दोन्ही छापलेलं असतं, लुमेन छापलेलं नसेल तर ते खोकं परत ठेवा. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांकही बघा, तो 'आर' अक्षरानं सुरू होतो.

मॉड्युलर किचन असेल तर वरच्या कपाटांच्या खाली दिवा हवा. इथं १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावतात. साधी चिकटपट्टी सोलून कपाटाला डकवली तर फोडणीच्या वाफेनं आणि तेलकटपणानं ती लवकरच लोंबायला लागते. ॲल्युमिनियमचा चॅनेल, म्हणजे पट्टी आत बसवायची पन्हळ, आणि त्यावर दुधी झाकण घ्याच. चॅनेल पट्टीची उष्णता ओढून घेतो, आणि दुधी झाकणामुळं काळ्या पॉलिश ग्रॅनाईटवर ठिपक्यांची रांग चमकत नाही. चॅनेल कपाटाच्या मागच्या कडेला, भिंतीजवळ लावायची पद्धत पडलीय. ती मला पटत नाही. त्यानं टाइल उजळते आणि काम करायची जागा अंधारी राहते. पुढच्या कडेला, आतल्या बाजूनं लावा आणि तोंड किंचित भिंतीकडं झुकवा. म्हणजे उजेड हातावर येतो, डोळ्यांत जात नाही.

हिशेब साधा आहे. मीटरला १२० एलईडी असलेली पट्टी साधारण १० वॅट घेते. आठ फुटांचा ओटा म्हणजे जेमतेम अडीच मीटर, म्हणजे २५ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे पट्टीसाठी १२ व्होल्ट करून देणारा डबा, मात्र बरोबर २५ चा घेऊ नका, त्याला थोडी सवड लागते. १२ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा घ्या. पट्टी छापलेल्या कात्रीच्या खुणेवरच कापायची. जोड क्लिपचे न ठेवता डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून घ्या. प्लस-मायनस उलट झालं तर पट्टी लागत नाही, एवढंच, घाबरू नका. २३० व्होल्टवर थेट चालणारी रोपलाइट मात्र ओट्यावर नको. पाण्याचे हात, ओलं फडकं आणि २३० व्होल्ट एकत्र नकोत. एवढा खटाटोप नको असेल तर कपाटाखाली दोन फुटी, १० वॅटची बारीक बॅटन लावा. दिसायला साधी आहे, चालते उत्तम.

आता रंग. दुकानदार काही न विचारता ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा देतो, कारण तोच खपतो. स्वयंपाकघराला मी ४००० सांगतो, त्याला नॅचरल व्हाइट म्हणतात. ३००० चा पिवळा बैठकीत बरा, पण त्यात हळद किती पडली ते नीट कळत नाही. केल्व्हिनपेक्षाही महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचं माप. १०० म्हणजे पूर्ण. ८० च्या खालचं घेऊच नका, आणि ओट्यावर ९० मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. हलक्या एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी असतो. त्यामुळं लाल तिखट विटकरी दिसतं, आणि शेंगा भाजताना खरपूस कुठवर आणि करपल्या कुठून हे कळत नाही. शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका मावशींच्या घरी मी दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या, खाली एकाच डब्यातलं तिखट दोन ताटल्यांत. त्यांनी ९० वाल्या पट्टीखालची ताटली उचलली आणि म्हणाल्या, "हे माझं तिखट." पुढं मला काही समजावायची गरज पडली नाही.

जोडणीला हात घालण्याआधी लाइट बंद करा, आणि खटका पाडून थांबू नका. एमसीबी पाडा. जुन्या घरात फ्यूज असेल तर त्याची ग्रिप काढून स्वतःच्या खिशात ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी 'लाइट गेली की काय' म्हणत परत बसवतं. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत राहतात, आणि स्वयंपाकघरातला दिवा हमखास इन्व्हर्टरवर असतो. मग टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून तो पेटतोय ना ते बघा, आणि नंतरच आपल्या वायरींना लावा. बिघडलेला टेस्टर सगळ्यांनाच 'करंट नाही' सांगतो. लाकडी शिडी किंवा भक्कम स्टूल घ्या, ओट्यावर चढू नका.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवण्याचा मोह होतो. मी टाळतो. काही ट्यूबना करंट एका टोकाला लागतो, काहींना दोन्ही टोकांना, आणि त्यासाठी आतली वायरिंग बदलावी लागते. पुढं कोणी त्याच पट्टीत चुकून जुनी ट्यूब घातली तर घोटाळा. जुनी पट्टी, चोक, स्टार्टर सगळं उतरवा आणि आख्खी बॅटन लावा. भिंतीला भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोका, दोन क्लिपा कसा, बॅटन दाबून बसवा, फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल. बोर्डाच्या सरळ वर भोक पाडू नका, तिथून आतली पाइप गेलेली असते. माळवदाच्या घरात मातीच्या भिंतीला गिट्टी धरत नाही. तिथं आधी लाकडी फळी पक्की करा आणि दिवा तिच्यावर लावा.

नवीन दिवा लावला आणि बंद केल्यावरही तो काजव्यासारखा मिणमिणत राहिला, तर दिवा परत करायला पळू नका. एकतर खटक्यात तो लाल इंडिकेटर असतो, त्यातून थोडा करंट झिरपतो. नाहीतर खटका न्यूट्रलवर बसवलेला असतो. हा दुसरा प्रकार धोक्याचा. खटका बंद असतानाही पॉइंटला टेस्टर पेटला तर समजा की फेज वर तशीच जिवंत आहे. बोर्डात तारा बदलून फेज खटक्यावर घ्यायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. वायरी काळ्या पडलेल्या, कडक झालेल्या दिसल्या तरीही तिथंच थांबा.

सोलापूरचा उन्हाळा एलईडीला फार जड जातो. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस, वर तापलेला पत्रा किंवा शेवटच्या मजल्याचा स्लॅब, आणि खाली शेगडी. एलईडीचा दाणा सहसा मरत नाही, मरतो तो ड्रायव्हर, त्यातला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो. म्हणून ड्रायव्हर बंद डब्यात कोंडू नका, कपाटाच्या माथ्यावर हवा लागेल असा ठेवा. पट्टी शेगडीच्या अगदी वर आणू नका, दोन्ही बाजूंना थांबवा. काचेच्या बंद गोळ्यात साधा एलईडी बल्ब घालू नका. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात राहत असाल तर १०० ते ३०० व्होल्ट झेलणारा आणि खोक्यावर सर्जची, म्हणजे व्होल्टेजचा अचानक येणारा झटका किती सोसतो त्याची, नोंद असलेला दिवा बघून घ्या.

लोक विचारतात बिल किती कमी येईल. तांब्याच्या चोकवाली जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खाते, बॅटन २०. रोज सहा तासांना महिन्याला साडेपाचेक युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणा, फार मोठा आकडा येणार नाही. तेवढ्यासाठी करू नका, निवडलेली डाळ नीट दिसावी म्हणून करा.

उतरवलेली जुनी ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्या. नव्या बॅटनच्या मागं मार्करनं तारीख लिहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी दोन वर्षांची असते, आणि थर्मल कागदावरचं बिल त्याआधीच पांढरंफटक होतं.