मोठ्या प्रोजेक्टचा कोड कमी डेटात उतरवा

लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा कोड नुसता वाचायचा असतो, पण गिटने (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाने) क्लोन करायला, म्हणजे प्रत उतरवायला घेतलं की मोबाईलचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो. कारण कोडसोबत सगळा इतिहासही उतरतो. कर्नलचा 2005पासूनचा, ईमॅक्सचा तर थेट 1985पासूनचा!

1. टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) 'गिट क्लोन' लिहून जागा सोडा. मग दोन आडव्या रेघा (हायफन), त्यांना चिकटून 'डेप्थ', पुन्हा जागा आणि 1 हा आकडा. शेवटी रेपॉझिटरीचा, म्हणजे प्रोजेक्टच्या कोड-साठ्याचा, पत्ता. सगळं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. फक्त शेवटची कमिट, म्हणजे बदलांच्या शेवटच्या नोंदीवेळचा कोड, उतरते. कर्नलसाठी हा फरक काही जीबींचा आहे.

2. ठरावीक आवृत्ती हवी असेल तर त्याच ओळीत, पत्त्याच्या आधी, दोन रेघांसह 'ब्रँच' आणि त्या आवृत्तीच्या टॅगचं (तिला दिलेल्या खुणेचं) नाव घाला. एखादी जुनी आवृत्ती निवांत वाचायला ही सोय फार छान आहे.

मात्र अशा प्रतीत 'लॉग' (कमिटची यादी) एकच कमिट दाखवतो आणि 'ब्लेम' (कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते सांगणारी आज्ञा) सगळ्या ओळी तिच्याच नावावर टाकतो. कोणती ओळ कधी आली हे शोधायचं असेल तर वायफाय मिळाल्यावर 'गिट फेच'ला दोन रेघांसह 'अनशॅलो' जोडा, मागचा इतिहास येतो.