खेकड्याचं बीळ वाचायला शिकवा, मग धरायला

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातलं, वैनगंगेपासून पायी अर्ध्या तासावर. ढिवराच्या घरात जन्मले, त्यामुळं जाळं आणि टोपली मला पाटी-पेन्सिलीच्या आधी कळली. आता नातू आठ वर्षांचा आहे. मृगाचा पाऊस पडला की त्याचा एकच धोशा, "आजी, खेकडे धराले चाल ना." मी नेते. पण पहिल्या वर्षी त्याला एकही खेकडा धरू दिला नाही, नुसती बिळं दाखवली.

पोट्ट्यांना शिकवायचं असेल तर तुम्हीही इथूनच सुरुवात करा. सकाळी धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर (बांधावर) उकिडवं बसायचं. खेकडा रात्री बिळातला चिखल बाहेर काढतो. त्याच्या ओल्या गोळ्या तोंडाशी पडलेल्या असतात आणि कडेला पायांचे बारीक ओरखडे दिसतात. तोंड कोरडं, गुळगुळीत असेल तर खेकडा ते सोडून गेलेला समजा. तिथं उंदीर असेल, नाहीतर साप. साप स्वतः बीळ खोदत नाही, दुसऱ्याच्या बिळात शिरतो. मण्यार, घोणस, नाग, तिन्ही आपल्या शेतात आहेत.

मी दहा वर्षांची असताना कोपरापर्यंत हात घातला होता. आत बोटांवरून काहीतरी गार, गुळगुळीत सरकत गेलं. हात ओढून काढला, तो कितीतरी वेळ थरथरत होता. काय होतं ते आजवर कळलं नाही. आईनं त्या दिवसापासून घरात सगळ्यांचं बिळात हात घालणं बंद केलं, आणि ताज्या चिखलाच्या बिळालाही मी तोच नियम लावते. सुताच्या दोरीला गांडूळ बांधून ती काडीनं आत सोडायची. खेकडा दोरी पकडतो. मग घाई न करता त्याला हळूहळू तोंडाशी आणायचं. मुलांना इथं धीर धरवत नाही, झटका मारला की तो सोडून देतो. पाच-सहा वेळा हुकू द्या.

बाहेर आला की काडीनं पाठ दाबायची. अंगठा आणि मधलं बोट मागच्या बाजूनं कवचाच्या दोन्ही कडांना लावून उचलायचं, तिथं नांगी पोचत नाही. चावलाच तर हात ओढायचा नाही, खेकड्यासकट पाण्यात धरायचा. तो आपोआप सोडतो. माझ्या भाच्यानं ओढला, तर नांगी तुटून बोटातच रुतून राहिली, आणि तुटलेली नांगीही आवळलेलीच होती. तिचं हलणारं बोट उघडून काढावी लागली. मग जखम साबणानं धुवायची. आधीच पायाला चीर असलेल्या मुलाला त्या दिवशी बांधीच्या पाण्यात उतरवूच नका, उंदराच्या मुतातून ताप येतो.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून बांधायचं नाही. मुलाला हलू न देता 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. हा नंबर मी नातवाकडून पाठ करून घेतला आहे.

धरलेला खेकडा उलटा करून बघायला लावा. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. पावसाच्या सुरुवातीला काही माद्यांच्या झडपेखाली इवलीइवली पिल्लं चिकटलेली असतात. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं पाण्यात तरंगत मोठी होतात, आपल्या शेतातल्या खेकड्याची मात्र आईच्या पोटाखालीच पूर्ण खेकडा होऊन बाहेर पडतात. अशी मादी जिथून घेतली त्याच बिळाशी परत ठेवायची. नातू आता स्वतः झडप उघडून बघतो आणि मला न विचारता सोडतो.

पाण्याचं सांगते. कोकणात शिंपल्या वेचणारे भरती-ओहोटी बघतात, आपण आभाळ आणि धरण बघायचं. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. ते उघडले की डोक्यावर ऊन असतानाही खालच्या पात्रात पाणी चढतं. म्हणून पावसाळ्यात शिंपल्यांसाठी नदीत मुलं नाहीत. बोडीत, म्हणजे गावतळ्यात, तेही गुडघ्याच्या वर पाणी नाही. गडगडलं की टोपली टाकून घरात, झाडाखाली नव्हे. गावाचं सांडपाणी पडतं तिथली शिंपली तर घेऊच नका. ती पाणी गाळून जगते, घाण तिच्या अंगात साठते.

फवारणीच्या दिवसांत बांधीच्या मालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावर जाऊ नका. 2017 साली यवतमाळात फवारताना किती शेतमजूर गेले ते आपण पाहिलंय. बेडूक, गोगलगायी मरून पडलेल्या दिसल्या तर तिथून माघारी फिरायचं. शिजवल्यानं ते विष जात नाही.

पोट्टे धुऱ्यावरच पाचोळा पेटवून खेकडा अर्धाकच्चा भाजून खातात. हे मी कडक बंद केलंय. कच्च्या खेकड्यातून कृमी फुप्फुसात जाऊ शकते, खोकल्यातून रक्त पडतं आणि लोकांना टीबी वाटतो. मणिपूर, नागालँडकडे हा आजार नोंदलेला आहे. घरी आणून चिखल जाईस्तोवर धुवायचे. पाय पाट्यावर कुटून, पाणी घालून गाळायचे, ते काम नातवाचं. त्याच पाण्यात तिखट, लसण घालून रस्सा चांगला खळखळ उकळू द्यायचा. कवच लाल झाल्यावरही आणखी वेळ शिजवायचं, मग वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.