चिऱ्याच्या भिंतीत लाकडी लिंटल: माप, माल आणि ऑर्डर

आमच्या मागीलदारच्या दारावरचं लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, किंजळीच्या लाकडाचं होतं. मधोमध हातोडी मारली की खणखणीत वाजायचं, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नाही. गेल्या मे महिन्यात शाकारणीच्या वेळी मेस्त्रींनी ते चिऱ्यात शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मधलं पाच फूट लाकूड शाबूत होतं, दोन्ही टोकांची मात्र माती झाली होती.

कोकणात लाकडी लिंटल असंच जातं. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, पाणी पिणारा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे भिंत चार महिने ओलीच असते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते, आणि हे सगळ्यात आधी होतं भिंतीत गाडलेल्या टोकांना. म्हणून पुढे लाकडाची जात, गोंद, माप असं काहीही वाचताना टोकांचं काय होणार हा प्रश्न मनात ठेवा.

पूर्वी दारातला साग नाहीतर ऐन तोडून काम भागायचं. आता साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. शिवाय सहा-सात फुटांचा, गाठी नसलेला, नीट वाळलेला सरळ नग वखारीत मिळणं कठीण झालंय. म्हणून कारखान्यात पातळ थर किंवा फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाचा विचार लोक करू लागलेत.

आधी ठरवा: इथे लाकूड चालेल का

वर स्लॅब किंवा दुसरा मजला असेल तर लाकडाचा नाद सोडा, सिमेंटचं किंवा लोखंडी लिंटल घाला. घराला लिंटलच्या पातळीवर सिमेंटचा सलग पट्टा असेल तर तो नव्या दारासाठी कापू नका. तो पट्टा भूकंपात चारही भिंती एकत्र धरून ठेवतो, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झाला नव्हता.

लाकूड शोभतं आणि टिकतं ते कौलारू, एकमजली घरात, जिथे दारावर चिऱ्याचे चार-पाच थर आणि त्यावर छप्पर एवढाच भार असतो. पडवी आणि ओटीमधलं रुंद दार, माजघरातली खिडकी, कुजलेल्या जुन्या लिंटलच्या जागी नवं, अशी ही कामं. समुद्राच्या अगदी लगत सिमेंटच्या लिंटलमधली सळी गंजून कवच फुटलेलं मी बरंच पाहिलंय, त्यामुळे लाकडाची बाजू अगदीच लंगडी नाही.

भाराचा हिशेब

हा हिशेब अंदाज घेण्यापुरता आहे. शेवटचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. पण दुकानात जाण्याआधी आपल्याला ढोबळ आकडा माहीत असला की कुणी काहीही गळ्यात मारत नाही.

समजा दार १.८ मीटर म्हणजे सहा फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना लिंटल २०० मिमी भिंतीवर टेकणार, म्हणजे एकूण लांबी २.२ मीटर. हिशेबासाठी एका टेकणीच्या मध्यापासून दुसऱ्या टेकणीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, ते झालं २ मीटर. भिंत नऊ इंची, वर ९० सेंटिमीटर चिरा. भिजलेला चिरा घनमीटरला २,२०० किलो धरला तर भिंतीचं वजन सुमारे ९०० किलो. छपराची मंगलोरी कौलं आणि रिपा चौरस मीटरला ६५ किलो, वासे २०, आणि छपरावर चढणाऱ्या माणसासाठी ४०, असे १२५ किलो. अडीच मीटर रुंदीच्या छपराचा भार या भिंतीवर येत असेल तर आणखी ६२५ किलो. एकूण दीड हजार किलोंच्या घरात.

दारावर भिंत बरीच उंच असेल, उदाहरणार्थ घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीत, तर सगळा भार लिंटलवर येत नाही. दाराच्या रुंदीवर उभ्या साठ अंशांच्या त्रिकोणातला चिराच तेवढा लिंटलवर बसतो, बाकीचा आजूबाजूच्या भिंतीत उतरतो. ही सवलत दाराच्या दोन्ही बाजूंना पुरेशी भरीव भिंत असेल तरच घ्यायची. कोपऱ्यालगतच्या दाराला ती लागू नाही.

आता गंमत अशी की या भाराला २२५ मिमी रुंद आणि १५० मिमी उंच लाकूड मोडणार नाही. पण लाकूड भाराखाली आधी थोडं वाकतं आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं. आज अडीच मिमी वाकलेलं लिंटल पुढे पाच मिमीपर्यंत जाऊ शकतं. चिऱ्याच्या सांध्याला तडा जायला आणि दाराचं फळकूट अडकायला तेवढं पुरतं. उंची १८० मिमी केली की सुरुवातीचं वाकणं दीड मिमीच्या आत येतं. उंची वाढवल्याने ताठपणा तिच्या घनाच्या पटीत वाढतो, रुंदी वाढवून तेवढा फायदा होत नाही. पैसे घालायचेच तर उंचीवर घाला.

अशा नगाचं वजन ५०-५५ किलो भरतं, दोन माणसं उचलून वर चढवतात. त्याच मापाचं सिमेंटचं लिंटल सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं.

दुकानातला माल ओळखणं

एलव्हीएल म्हणजे सुमारे तीन मिमी जाडीचे व्हिनिअरचे (लाकडाच्या पातळ पत्र्यांचे) थर, सगळ्यांचे रेषे एकाच दिशेने, दाबून चिकटवलेले. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवा असतो, म्हणून प्लायच्या पट्ट्या एकत्र ठोकून लिंटल होत नाही. ओळखायचं सोपं आहे. नगाचं कापलेलं टोक बघा: एलव्हीएलमध्ये प्रत्येक थराची बारीक छिद्रंच दिसतात, प्लायमध्ये एका थराची छिद्रं आणि पुढच्या थराचे लांब रेषे. ग्लुलॅम म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवलेला जाड नग. तो उघडा ठेवला तर देखणा दिसतो, पडवीतल्या लांब तुळईला मी तोच घेईन. भिंतीत लपणाऱ्या लिंटलला एलव्हीएल पुरे.

आपल्याकडे एलव्हीएल म्हणून जे मिळतं ते बरंचसं दारं आणि चौकटींसाठी असतं, भार घेण्यासाठी नव्हे. म्हणून दुकानदाराला विचारा: वाकण्याची ताकद आणि ताठपणा यांचे आकडे कंपनीच्या छापील कागदावर आहेत का? आपल्या वरच्या हिशेबात ताठपणा १०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला आहे. कागदावर त्याहून कमी असेल तर उंची वाढवावी लागेल. एलव्हीएलसाठी भारतीय मानक आयएस १४६१६ आहे, तो आकडा शिक्क्यात शोधा. ‘एकदम मजबूत माल आहे’ या उत्तरावर उठून यावं.

गोंद फिनॉलिक हवा. युरियाचा गोंद आपल्या हवेत सुटतो. गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसली म्हणजे फिनॉलिकच असं नाही, रंग घालता येतो. एक तुकडा मागून आणा आणि जुन्या टोपात दिवसभर उकळा. थर सुटायला लागले तर तो माल परत. समुद्री प्लायच्या मानकात हीच परीक्षा ७२ तास चालते. घरी एवढा गॅस कोण जाळणार, पण चूल असेल तर खुशाल करा.

ऑर्डर लिहिताना

दाराची रुंदी वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा. जुन्या चिऱ्याच्या घरात ही तिन्ही मापं सारखी येत नाहीत. त्यात दोन्ही टेकण्या मिळवा. भिंतीची जाडी गिलावा सोडून मोजा.

मग कागदावर असं स्वच्छ लिहा: ४५ मिमी जाडीचे पाच नग, प्रत्येकी १८० मिमी उंच, २,२०० मिमी लांब, नेमके याच लांबीचे कापून. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. वाळवी आणि बुरशीविरुद्धचं औषध दाबाखाली मुरवलं तरी ते बऱ्याचदा गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि साइटवर टोक कापलं की कच्चा गाभा उघडा पडतो. तोही नेमका भिंतीत जाणाऱ्या जागी! शक्य असेल तर कापून, भोकं पाडून मग औषध मुरवून द्या असं सांगा. टोकांना सीलर, म्हणजे ओलावा रोखणारा लेप, लावून हवा, हेही लिहा. ग्लुलॅमला कधी कधी मुद्दाम थोडी वरची कमान दिलेली असते आणि वरच्या बाजूला खूण असते. ती उलटी बसली की सगळं मुसळ केरात.

पाच नग जोडायला १२ मिमीचे बोल्ट, ६०० मिमी अंतरावर, वर-खाली आलटून-पालटून. गरम जस्तात बुडवलेले घ्या. नुसती चकाकी दिलेले खाऱ्या हवेत लवकर गंजतात, आणि औषधात तांबं असेल तर आणखी लवकर. समुद्र दिसतो अशा घरात स्टेनलेस ३१६ चाच खर्च करा.

ऑर्डर दिवाळीनंतर द्या आणि माल शिमग्याच्या आत घरी येईल असं बघा. कारखान्यातून तो आठ-बारा टक्के ओलाव्याचा येतो. जुलैत उतरवला तर बसवण्याआधीच फुगतो. आल्यावर जमिनीपासून वर, पट्ट्यांवर ठेवा, वरून झाका, बाजूंनी वारा खेळू द्या. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलं तर आत घाम सुटतो.

बसवताना

आधी छपराला टेकू, मग भिंतीत आरपार आडवे बार घालून त्यांना प्रॉप, म्हणजे खालून उभे टेकू. हे झाल्याशिवाय जुन्या लिंटलला हात लावायचा नाही. टेकणीची जागा सिमेंटने सपाट करून घ्या, ती सुकली की डांबरी फेल्टचा तुकडा ठेवा आणि त्यावर लिंटल.

मेस्त्रींशी वाद होतो तो पुढच्या टप्प्यावर. त्यांना टोकांभोवती मसाला ठासून भरायचा असतो, कारण हात त्याच कामाला बसलेला. टोकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी ठेवायला सांगा. तिथे हवा फिरली की टोक वाळतं. बाहेरच्या अंगाला पाणी आत येणार नाही इतकाच चिरा पुढे घ्या, वर पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी झाप ठेवा. छपराच्या लोखंडी पट्ट्या भिंतीत खाली खोलवर बांधा, लिंटलला नव्हे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने वर आलं तेव्हा वाऱ्याने छपरं वर उचलली, आणि लिंटल तर नुसतं खाली दाबणारा भार घ्यायला असतं.

विजेच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की लिंटलच्या खालच्या कडेला खाच पाडायची नाही. ताण तिथेच असतो. पाइप न्यायचाच असेल तर उंचीच्या मधोमध लहान भोक, तेही आधी इंजिनिअरला विचारून.

प्रॉप एकदम काढू नका. वरचा सांधा भरून आठवडा गेला की एकेक सैल करा, आणि दाराच्या मध्यावर पेन्सिलीने उंचीची खूण करून तारीख लिहा. पुढच्या शाकारणीला त्याच खुणेवर टेप लावायचा, आणि टोकांना स्क्रू ड्रायव्हर.