काचेच्या बाटलीच्या आतला हट्टी थर कसा काढायचा

आधी घासायला घेऊ नका, थर कसला आहे ते बघा. सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते, कारण क्षारांवर साबण चालत नाही आणि तेलावर व्हिनेगर चालत नाही.

आतून पांढरट, खडूसारखं दिसत असेल तर ते जड पाण्याचे क्षार, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साधं पांढरं व्हिनेगर थरावरपर्यंत भरा आणि रात्रभर राहू द्या. बारीक बुडबुडे आले की समजायचं काम चालू झालंय, क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो म्हणून ते येतात. व्हिनेगरचा वास नको असेल तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाका, तेही तितकंच छान चालतं.

हाताला चिकट, मेणचट लागत असेल तर तेल आहे. त्याला गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि चमचाभर धुण्याचा सोडा, तासभर भिजवायचं (हातमोजे घाला, सोड्याने कातडी कोरडी पडते). पण उकळतं पाणी थंड काचेत एकदम ओतू नका हां, तडकते, आधी कोमट पाण्याने बाटली शेकून घ्या. दोन्ही थर असतील तर आधी तेल काढा, धुवा, मग व्हिनेगर. तेलाच्या थरातून ॲसिड क्षारांपर्यंत पोचतच नाही ना.

तोंड अरुंद, ब्रश जात नाही? मूठभर कच्चे तांदूळ, थोडं पाणी, दोन थेंब लिक्विड, आणि गोल गोल फिरवत हलवायचं, तांदूळ कोपऱ्यातला थर खरवडतात आणि काचेपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. वाळू किंवा तारेची घासणी अजिबात नको, ओरखडा पडला की घाण त्यातच अडकत राहते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा सल्ला बरेच जण देतात, फेस भारी येतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, आणि झाकण लावून हलवलंत तर गॅसने बाटली फुटू शकते. आणि ब्लीच व्हिनेगरसोबत कधीच नाही! विषारी क्लोरीन गॅस तयार होतो.

रात्रभर भिजवून, तेलही काढून झालं तरी धूसरपणा तसाच राहिला तर बहुतेक काचच झिजलीये, डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षं धुतलेल्या ग्लासांचं असं होतं. ते कशानेच जात नाही, उगाच घासत बसू नका.