ऑफिससाठी कॉम्प्युटर मागवताय? मागणीपत्रापासून बिलापर्यंत या चुका टाळा

कॉम्प्युटर खरेदीची फाईल अडकली की मागणी करणारं खातं अकाउंट्सकडे बोट दाखवतं, अकाउंट्सवाले परचेसकडे आणि परचेसवाले डीलरकडे. फाईल पहिल्या पानापासून चाळली तर मात्र घोळ बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या कागदावर सापडतो, म्हणजे खात्याने दिलेल्या मागणीपत्रावर. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री घ्या, कागल पट्ट्यातला साखर कारखाना घ्या, नाहीतर शहरातलं अनुदानित कॉलेज. नियम वेगळे, सह्या वेगळ्या, पण चुका त्याच.

"एक कॉम्प्युटर मिळावा, ही विनंती"

मागणीपत्रात एवढंच वाक्य असतं. खाली सही, शिक्का, आवक नंबर. म्हणजे कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये जाऊन पायाचा नंबर न सांगताच जोड बांधून मागण्यातला प्रकार. परचेसवाला मग गेल्या वेळचं कॉन्फिगरेशन उचलून टाकतो आणि मशीन टेबलावर आल्यावर खातं म्हणतं, "आमचं सॉफ्टवेअर यावर चालतच नाही की!"

मागणीपत्रात वस्तूच्या आधी काम लिहा. मशीनवर कोण बसणार, कोणतं सॉफ्टवेअर चालवणार, सध्या काय आहे आणि त्यात नक्की काय अडतंय, आणि कोणत्या तारखेच्या आत हवं. टॅली, एक्सेल आणि ईमेल एवढंच काम असेल तर साध्या प्रोसेसरला एसएसडी आणि पुरेशी रॅम जोडली की भागतं. पॅटर्न किंवा डिझाईन विभागाला कॅड चालवायचं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि किंमत लगेच वर जाते. हा फरक खात्याने लिहिला नाही तर मंजुरी देणाऱ्या साहेबांना तो कळणार कसा? त्यांना दिसतं एवढंच, की अकाउंट्सचा कॉम्प्युटर स्वस्तात आला आणि डिझाईनवाले त्याच्या दुप्पट मागतायत.

कारखान्याच्या वजनकाट्याचं उदाहरण तर पाठच करून ठेवावं असं आहे. काट्याच्या जुन्या इंडिकेटरची वायर सिरियल पोर्टला लागते. नव्या डेस्कटॉपला तो पोर्ट बऱ्याचदा नसतोच. मागणीपत्रात "काट्याच्या इंडिकेटरला जोडायचा आहे" एवढे शब्द असते तर सिरियल कार्ड किंवा कन्व्हर्टर त्याच पीओत, म्हणजे खरेदी आदेशात, आला असता. नाहीतर उसाच्या ट्रॉल्या रांगेत आणि क्लार्क वायर हातात धरून उभा, हे दृश्य ठरलेलं. बरं, ही मागणी दिवाळीत येऊन उपयोग नाही. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. कोटेशन, मंजुरी, डिलिव्हरी आणि चाचणी धरली तर मागणीपत्र गणपतीच्या आधी परचेसच्या टेबलावर पाहिजे.

मराठी टायपिंगचंही तसंच. अनेक कार्यालयांतली जुनी पत्रं, इतिवृत्तं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधली. त्याचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा डोंगल, जुन्या मशीनला लावलेलं असतं. नवा कॉम्प्युटर आला, जुना स्टोअरला गेला आणि लॉकही त्याच्याबरोबर गेलं, मग वीस वर्षांची फाईल उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरचं लायसन्स, लॉक आणि जुना डेटा नव्या मशीनवर घेण्याचं काम, या तिन्ही गोष्टी मागणीतच मागा. नंतर मागितल्या तर डीलर वेगळं बिल लावणार, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

विंडोजबाबत दोन ओळी. ऑफिसात सर्व्हर आणि डोमेन (सगळे कॉम्प्युटर सर्व्हरवरून एकत्र सांभाळायची व्यवस्था) असेल तर होम आवृत्ती घेऊ नका, ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कुणी "चांगल्या कंडिशनमधला" जुना कॉम्प्युटर स्वस्तात देत असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढतं का, हे आधी विचारा.

पैसे कुणाच्या हेडला?

हा प्रश्न माल आल्यावर विचारला जातो, आणि तिथेच महिना जातो. मागणीपत्रावर बजेट हेड किंवा कॉस्ट सेंटर लिहिलेलं हवं, आणि त्या हेडला शिल्लक किती आहे याचा अकाउंट्सचा शेरा हवा. कॉलेजमध्ये प्रयोगशाळेसाठी आलेल्या अनुदानातून ऑफिसचा प्रिंटर घेतला तर उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) देताना प्राचार्यांना घाम फुटतो. कंपनीत भांडण वेगळं असतं. प्रिंटर डिस्पॅचच्या नावावर, पण त्यावर छापतात स्टोअर, क्वालिटी आणि टाइम ऑफिस. टोनरचं बिल आलं की डिस्पॅचवाले म्हणतात, "आम्ही एकट्यानंच का भरायचं?" म्हणणं रास्त आहे. सामाईक प्रिंटर असेल तर टोनर आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा ते खरेदीच्या टिपणीतच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

प्रिंटर घेताना नुसती मशीनची किंमत बघणं ही वेगळीच चूक. एका टोनरमध्ये किती पानं निघतात आणि टोनर केवढ्याला, हे कोटेशनमध्ये मागा. महिन्याला हजारो पानं छापणाऱ्या टाइम ऑफिसला स्वस्त प्रिंटर वर्षभरात महाग पडतो. आणि लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला जोडू नका. तो गरम होताना एकदम जास्त वीज ओढतो, यूपीएस ट्रिप होतो आणि तक्रार येते "यूपीएस खराब दिला" म्हणून.

तीन कोटेशनं, एकच हात

"साहेब, तुम्ही कशाला फिरताय? तिन्ही कोटेशनं मीच देतो की!" राजारामपुरीपासून स्टेशन रोडपर्यंत हे वाक्य कानावर न पडलेला परचेसवाला विरळा. मग फाईलला तीन लेटरहेड लागतात. तिन्हींवर एकच तारीख, मजकुराची मांडणी एकसारखी, अटींचा क्रम तोच, आणि "वॉरंटी"च्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा तिन्हीकडे तीच. ऑडिटर नवखा असला तरी हे त्याला दिसतं, कारण तो तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो. डीलर गोड माणूस असेल, माल चांगलाही देईल, पण ऑडिट पॅरा, म्हणजे ऑडिटरचा लेखी आक्षेप, निघाल्यावर खुलासा लिहायला तो येत नाही. मागणी तिघांना तुम्ही स्वतः, एकाच दिवशी, एकाच मजकुराने ईमेलवर पाठवा आणि ते ईमेल छापून फाईलला लावा.

खरेदीचे तुकडे पाडणं ही या चुकीची जुळी बहीण. कोटेशनवर खरेदी करायची संस्थेची मर्यादा ओलांडू नये म्हणून दहा कॉम्प्युटरची मागणी चार, तीन, तीन अशी आठवड्याच्या अंतराने लावायची, किंवा सीपीयूचं एक बिल, मॉनिटरचं दुसरं. गरज एक, खातं एक, महिना एक असेल तर कागद कितीही केले तरी ती एकच खरेदी धरली जाते. सरकारी कार्यालयांना तर २०१६ पासून जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, आहे. तिथे घ्यायचं तर स्पेसिफिकेशन साधारणपणे ब्रँडचं नाव न घेता लिहावं लागतं. खाजगी कंपनीत नेमकं उलटं करा. मॉडेलचा पूर्ण पार्ट नंबर पीओत टाका, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली कमी रॅमचा आणि जास्त रॅमचा असे दोन्ही माल विकले जातात.

कोटेशनची मुदतही बघा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की डीलर आठवडाभराच्या पुढचा दर द्यायला तयार होईनात. फाईल जर पाच टेबलांवरून फिरणार असेल तर साहेबांची सही होईपर्यंत दर शिळा होतो. मुदत संपलेल्या कोटेशनवर पीओ काढून डीलरशी हुज्जत घालू नका. सुधारित दर लेखी घ्या आणि जमलं तर तिघांकडूनही घ्या.

तुलनात्मक तक्त्यातली फसगत

एकाचा दर ५९,००० रुपये, "सर्व करांसहित". दुसऱ्याचा ५१,५०० रुपये, आणि खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". क्लार्कने दोन्ही आकडे तसेच तक्त्यात चढवले, दुसरा स्वस्त ठरला. कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ९,२७० रुपये वर, एकूण ६०,७७०. स्वस्त डीलर १,७७० रुपयांनी महाग निघाला. तक्त्यात मूळ किंमत, कर, वाहतूक, इन्स्टॉलेशन आणि एकूण असे वेगवेगळे रकाने ठेवा. फाउंड्रीला या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर तिच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे तिने मूळ किमती ताडून पाहाव्यात. कॉलेजला शिक्षणसेवेपोटी ते साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी शेवटचा आकडाच खरा. बेळगावच्या डीलरचं कोटेशन असेल तर सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) दिसेल. टक्के तेवढेच, घाबरायचं कारण नाही. फक्त सर्व्हिसला माणूस तिथून येणार का, ते विचारा.

वॉरंटीचा रकानाही तक्त्यात हवा. "ऑनसाईट" म्हणजे माणूस तुमच्या जागेवर येणार. पण गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या साईटवर येणार का, की मशीन कोल्हापुरात आणून द्यायचं, हे लेखी घ्या.

मार्चची घाई

बजेट लॅप्स होईल म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागणी लावणारी खाती प्रत्येक संस्थेत असतात. सरकारी अनुदानाचं दुखणं समजू शकतो, तिथे पर्याय कमी. पण कंपनीने तरी आयकराचं गणित बघावं. कॉम्प्युटरवर घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत, जी खर्च म्हणून वजा होते) ४० टक्के मिळतो, मात्र मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्मा, म्हणजे २० टक्केच. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटले की ती संधी गेली. आणि नुसतं बिल फाडून चालत नाही, मशीन वापरात यायला हवं. ३१ मार्चचं बिल आणि मे महिन्यात फुटलेला खोका, हे जमत नाही.

माल आला त्या दिवशी

खोका फोडायच्या आधी डिलिव्हरी चलनावरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळवा. मग तोच नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झालीय ते बघा. बऱ्याचदा ती माल डीलरकडे आला तेव्हापासूनच धावायला लागलेली असते आणि तुमचे तीन-चार महिने गेलेले असतात. बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण हे पहिल्या आठवड्यात करा. पेमेंट झाल्यावर डीलर फोन उचलेल, पण घाई करणार नाही.

डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद त्याच दिवशी. नंबर, बिल, किंमत, खातं आणि मशीन प्रत्यक्ष ठेवलेली खोली. खोलीचा रकाना लोक रिकामा सोडतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. अशा वेळी विम्याचा दावा लावायचा तर कोणतं मशीन कुठे होतं, हे कागदावर दाखवावं लागतं. मशीन खात्याने परस्पर वरच्या मजल्यावर हलवलं असेल तर तेही लिहा.

बिल अडकलंय?

अकाउंट्सला शिव्या देण्याआधी बिल हातात घेऊन बघा. संस्थेचं नाव आणि जीएसटी नंबर बरोबर आहे का? महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. पीओतलं मॉडेल आणि बिलातलं मॉडेल एकच आहे का? पीओत एक आणि बिलात "त्याच्यापेक्षा भारी" दुसरं असलं, तरी सुधारित पीओशिवाय ते पास होत नाही. बिलाची तारीख पीओच्या आधीची आहे का? असेल तर आधी माल, मग मंजुरी झालीय. कार्योत्तर मंजुरीची टिपणी लावल्याशिवाय फाईल हलणार नाही. बिलाच्या मागे स्टॉक एंट्रीचा शेरा, रजिस्टरचा पान नंबर आणि स्टोअरची सही आहे का? नव्वद रुपयांच्या माऊसचं बिल याच एका सहीवाचून पडून राहिलेलं असतं.

कुणी घाईत स्वतःच्या मोबाईलवरून ऑनलाइन कॉम्प्युटर मागवला आणि बिल त्याच्याच नावावर आलं, तर कराचं क्रेडिट गेलंच, शिवाय मालकी आणि वॉरंटीचाही गुंता. ऑर्डर देतानाच संस्थेचा जीएसटी नंबर टाकावा लागतो. रोखीने भागवायचा मोहही नको. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत, घसारा बुडतो.

डीलरने "दोन टक्के कमी आले" म्हणून फोन केला आणि तुमचं कार्यालय सरकारी किंवा महापालिकेचं असेल, तर अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटावर पेमेंटमधूनच कापलेला जीएसटी टीडीएस असेल. तो डीलरला त्याच्या जीएसटी खात्यात मिळतो. कंपनीतल्या देखभालीच्या बिलाकडेही लक्ष ठेवा. सेवा देणारा उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला आणि पैसे वर्षअखेर थकीत राहिले, तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरत नाहीत.

जुन्याचं काय करायचं

नव्याच्या मागणीपत्रातच जुन्याचा निकाल लिहा. दुसऱ्या खात्याला द्यायचा, बायबॅकमध्ये डीलरला परत द्यायचा की निर्लेखन करायचं, म्हणजे रजिस्टरमधून कमी करायचा. बायबॅक असेल तर त्याची रक्कम बिलात वेगळी दाखवून घ्या, नुसती किंमत कमी करून नको, नाहीतर जुनं मशीन रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं जिवंत राहतं. भंगारवाल्याला किलोवर घालू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा, त्याची पावती निर्लेखनाच्या ठरावाला जोडायची. त्याआधी हार्ड डिस्क काढा. पगारपत्रकं, विद्यार्थ्यांचे आधार नंबर, सभासदांची बँक खाती त्यावर असतात, आणि फाईल डिलीट केल्याने ती जात नाहीत. डिस्क पुसली की फोडली, कोणी आणि कधी, हे तिच्या सिरियल नंबरसकट निर्लेखनाच्या यादीत लिहून खातेप्रमुखाची सही घ्या.